कच्चा टाका

ट्रॉय, मिशिगन
गुरुवार, ११ नोव्हेंबर २००४

चि. सौ. देवयानीस,

तू कुठे आहेस ते मला माहीत नाही, म्हणून हे पत्र प्रतिमाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझी मैत्रीण आहे, पोचवील. मी लिहिते आहे हे अवधूतला माहीत नाही.

मला येऊन बारा दिवस झाले. तिकीट तू घरात असतानाच काढलेलं होतं. विमानतळावर अवधूत एकटा आला. गाडीत त्याने सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी तो ऑफिसात असताना तू छोट्या प्रीताला घेऊन निघून गेलीस. भांडण झालं होतं का, म्हणून विचारलं. सगळ्यांची होतात तेवढंच, म्हणाला. तो माझ्याशी चांगला वागतो. सकाळी उठून आईला स्वतः चहा करून देतो.

दिवसभर मी एकटी असते. बाहेर पायी जाण्यासारखं काही नाही. हात रिकामे राहिले की मला सुचेनासं होतं, म्हणून कपाटं आवरायला काढली. तुमच्या खोलीत सूटकेसच्या मागे कचऱ्याची काळी पिशवी होती. आत चार कपडे होते. तुझा निळा कुर्ता, मोतिया स्वेटर, पांढरा शर्ट आणि प्रीताचा लाल लोकरी कोट. चारही फाटलेले. टाकायचे राहिले असतील असं वाटलं. इथे फाटलं की टाकतात, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. मला टाकवले नाहीत.

कुर्त्याची बाही काखेपाशी फाटली होती. शिलाईच्या आत जादा कापड ठेवलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. त्या मायेतले धागे काढून मी रफू केलं. त्याच कापडाचे धागे, म्हणून रंग मिळून येतो. स्वेटरची वीण गळ्याला मागून तुटली होती, तिथे क्रोशाने पानांची कड घातली. शर्टाची चार बटणं कापडासकट गेली होती. त्या जागी पांढऱ्यावर पांढऱ्याने चार फुलं भरली आणि प्रत्येकात एकेक बटण बसवलं. आता तो नव्यापेक्षा बरा दिसतो.

कोटाला पाठीवर, टोपीच्या खाली, मोठी चीर होती. तिच्यावर मासा लावला आहे. अंग अवधूतच्या जुन्या जीन्सचं, खवले त्याच्या दोन टायांचे. पण मासा अजून कच्च्या टाक्यावर आहे. अंगावर बघितल्याशिवाय मी काही पक्कं करत नाही, हे तुला माहीत आहे. तोंड कुठे हवं, डोळा कुठे, हे प्रीताला विचारून मग पक्कं करीन.

तेवढ्यासाठी तरी या. उद्या लक्ष्मीपूजन आहे.

आईचे आशीर्वाद


शुक्रवार, १९ नोव्हेंबर

देवयानी,

काल दुपारी प्रतिमा आली होती. हे पत्रही तिच्याच पत्त्यावर टाकते आहे. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत मी चालत जाते. तिकिटं तिनेच दिली आहेत.

आत आल्यावर बूट न काढता उभीच राहिली. "काकू, कपाटात एक काळी पिशवी होती का?"

होती म्हणाले. कपडे आणले. इस्त्री करून घडी घालून ठेवले होते. तिने कुर्ता उलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. दोन्ही बाह्या तपासल्या.

"कुठे फाटला होता?"

"आता सापडायचं नाही," मी म्हणाले.

ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. हे लिहायला हवं.

ती सोफ्यावर बसली. शर्ट पाहिला, स्वेटर पाहिला. कोट मांडीवर घेतला, माशावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवला. त्याच्याखाली काय आहे ते तिने विचारलं नाही. मग पर्समधून तुझी चिठ्ठी काढून दिली. एका ओळीची. "आई, ती पिशवी दुरुस्तीसाठी ठेवली नव्हती."

बाकीचं प्रतिमाने सांगितलं. तेरा डिसेंबरला कोर्टात तारीख आहे. प्रीता कोणाकडे राहील ते त्या दिवशी ठरणार. अवधूत म्हणतो, तू काही कारण नसताना मूल पळवलंस. तू कधी पोलिसांना बोलावलं नाहीस, डॉक्टरकडे गेली नाहीस. तुझ्याकडे दाखवण्यासारखी ही पिशवी होती तेवढीच. तुझ्या वकीलबाई तिची वाट बघत होत्या.

मला कसं कळावं? इथे कपडे मशीनमध्ये धुतात, ड्रायरमध्ये वाळवतात. बटणं उडतात, बाह्या अडकतात. मला तसंच वाटलं. आणि एवढी महत्त्वाची होती तर जाताना नेली का नाहीस? प्रतिमा म्हणाली, तिच्याकडे वीस मिनिटं होती काकू, आणि एका हातात प्रीता.

कपडे तिने नेले नाहीत. आता याचा उपयोग नाही, म्हणाली. जाताना पाया पडली. नसती पडली तर बरं झालं असतं.

तुझी आई


शुक्रवार, २६ नोव्हेंबर

देवयानी,

काल इथे सगळ्यांना सुट्टी होती. अवधूतच्या ऑफिसातल्या श्रीरंगकडे जेवायला गेलो. टेबलावर अवधूत सगळ्यांना हसवत होता. श्रीरंगची बायको पद्मिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "काकू, असा मुलगा मिळायला नशीब लागतं." मी हो म्हणाले. आज मला तुला दोन खोट्या गोष्टी सांगायच्या आहेत. म्हणजे खोट्या सांगितलेल्या.

पहिली. पहिलं पत्र मी अवधूतच्या सांगण्यावरून लिहिलं. "तू लिही, तुझं ती ऐकेल," तो म्हणाला. लिहून झाल्यावर त्याने वाचलं. कपड्यांचा भाग दोनदा वाचला. मला वाटलं, एवढं कपड्यांबद्दल कशाला, असं म्हणेल. मी खोडू का विचारलं. "नको, राहू दे. हे छान आहे," म्हणाला. पाकीट त्यानेच बंद केलं. प्रतिमा येऊन गेल्यावर मला कळलं की ते पत्र मी तुला बोलावण्यासाठी लिहिलं असलं तरी त्याने ते दुसऱ्या कामासाठी पाठवलं. पिशवीत आता काही उरलेलं नाही, हे त्याने तुला माझ्या अक्षरात कळवलं.

दुसरी. मला मशीन वाटलं नव्हतं.

मी तेहतीस वर्षं साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. पहिल्या महिन्यात मी मुलींपुढे चिंध्या ठेवायची आणि विचारायची, हे कशाने गेलं? धुण्याने कापड आधी विरतं आणि मग जातं, कडा मऊ असतात. खिळ्यात अडकलेलं कोनात फाटतं. हाताने ओढलेलं लांब फाटतं, आणि शिलाई मजबूत असली तर ती राहते, शेजारचं कापड जातं. कुर्त्याची शिलाई राहिली होती. शर्टाची बटणं वरून खाली गेली होती, एकापाठोपाठ एक, चारही एकाच बाजूला ताणून. स्वेटर मागून धरला होता. पिशवी उघडल्यावर पाच मिनिटांत मला हे दिसलं. मग मी चष्मा पुसला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

लग्नानंतर तू पहिल्यांदा साताऱ्याला आलीस तेव्हा माझी जुनी पातळं बघून विचारलं होतंस, आई, असं रफू कुठे शिकलात? शाळेत, असं मी सांगितलं. शाळेच्या अभ्यासक्रमात रफू नव्हतं. मी ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिकले, माझ्या स्वतःच्या ब्लाउजांवर. अवधूतचे बाबा शाळेत, गावात फार सज्जन म्हणून ओळखले जायचे आणि तसे ते होतेही. ब्लाउज सोमवारी शाळेत घालून जायचा असायचा. मैत्रिणींना दिसायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात. हात इतका बसला की पुढे गावातल्या बायका शालू रफूला माझ्याकडे आणून द्यायच्या.

अवधूत सहा वर्षांचा झाला तेव्हाही मी माझे ब्लाउज रफू करतच होते. मला सुई ओवून द्यायचा. काय शिवते आहेस, असं त्याने कधी विचारलं नाही.

काल परत येताना मी गाडीत विचारलं, प्रीताचा कोट कसा फाटला? "प्लेग्राउंडवर. स्लाइडमध्ये अडकला," रस्त्याकडे बघत म्हणाला.

चीर सात इंचांची आहे. टोपीच्या शिलाईखाली, उजवीकडून डावीकडे, किंचित खाली उतरत गेलेली. टोपी मागून धरलेली होती आणि मूल पुढे जात होतं. चालत असतं तर कापडाने तग धरला असता. ते पळत होतं.

आणखी एक सांगते. बाकी तिन्ही कपड्यांचं फाटलेलं मी रफूत संपवलं. कोटाचं तसं नाही. ठिगळ लावताना मी फाटलेली कड कधी कापत नाही, धाग्याला हात लावत नाही. मासा वरून ठेवलेला आहे, कच्च्या टाक्याने. खाली चीर जशी होती तशी आहे.

हे तुला सांगावं की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला.

सुमित्रा


मंगळवार, ७ डिसेंबर

देवयानी,

प्रतिमाचा फोन काल दुपारी आला. तुझ्या वकीलबाईंना कोट हवा आहे, आणि मी येऊन दोन शब्द सांगावेत. मी नाही म्हणाले. मग तिने विचारलं, कोट तरी द्याल का, मी दारातून घेऊन जाते. मी म्हणाले, विचार करते. मग तिने फोन प्रीताच्या हातात दिला. तुला न विचारता दिला असेल तर तिला रागावू नकोस.

"आजी, डझ द फिश हॅव अ फेस?"

"अजून नाही."

"व्हाय नॉट?"

तू आलीस की करू, म्हणाले. तिला मराठी समजतं, बोलत नाही एवढंच. मग म्हणाली, "आय हॅव अ न्यू कोट नाऊ." आणि फोन ठेवला.

तू माझ्यावर चिडशील. तुला माझी बाजू सांगते, मान्य कर असं म्हणत नाही. तो माझा एकुलता एक मुलगा आहे. मी त्याच्या घरात राहते, त्याचं खाते. कोर्टात परक्या भाषेत परक्या माणसांपुढे उभं राहून मी त्याच्याबद्दल काय बोलू? तो मला आजवर उलट शब्द बोललेला नाही.

शनिवारी त्याने एक टाइप केलेला कागद आणला. इंग्रजीत आहे. मला इंग्रजी वाचता येतं हे तो विसरतो. त्यात लिहिलंय की मी या घरात आल्यापासून एकही फाटलेला कपडा पाहिला नाही, सुनेचे आणि नातीचे सगळे कपडे नीट होते, आणि माझा मुलगा शांत स्वभावाचा आहे. खाली माझं नाव.

"आई, जस्ट साइन कर. फॉर्मॅलिटी आहे."

मी म्हणाले, वाचून करते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी भांडी विसळत होते. नळ बंद करून मागे बघितलं तरी तिथेच होता. हसला आणि म्हणाला, "कोट पण पक्का करून टाक. सोमवारी तूच दे प्रीताला. आजीने केलेला मासा. जजला बरं वाटेल."

मी म्हणाले, कशाला, जुना कोट, टाकून देऊ. तो म्हणाला, टाकला तर प्रश्न विचारतील. नीट केलेला बरा दिसतो.

लाल दोरा नाही म्हणून मी दोन दिवस काढले. आज ऑफिसातून येताना त्याने दोऱ्याची तीन रिळं आणली, लाल रंगाच्या तीन छटांच्या. मी अजून कोट काढला नव्हता. त्याने स्वतः काढून माझ्या मांडीवर ठेवला. डब्यातून सुई घेतली. "दे, ओवून देतो. तुला दिसत नाही."

दिव्याखाली धरून त्याने पहिल्या झटक्यात ओवली. दोऱ्याला गाठ मारली आणि सुई माझ्यापुढे धरली. मी घेतली. म्हणाले, उद्या उजेडात करते. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शुक्रवारपर्यंत," म्हणाला.

माझा पासपोर्ट त्याने परवा ऑफिसच्या बॅगेत ठेवला. घरात हरवेल, म्हणाला.

मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही. खोटं आश्वासन देत नाही, एवढं तरी खरं मान.

सु.


शुक्रवार, १० डिसेंबर, सकाळ

देवयानी,

अवधूत आठ वाजता गेला. प्रतिमा अकराला येणार आहे. मीच तिला फोन केला. हे पत्र मी तिच्या हातात देईन. तुझ्या वकीलबाईंनाही दाखव, म्हणून आज सगळं नीट लिहिते.

बुधवारी उजेडात मी कोट घेऊन खिडकीशी बसले. त्याने ओवलेली सुई घेतली. माशाच्या शेपटीपाशी पहिला पक्का टाका घातला. हात सवयीने चालतो. दुसरा घातला. तिसऱ्याला हात थांबला आणि मी कोट घडी करून ठेवला.

काल संध्याकाळी त्याने कोट बघितला. दोनच टाके? मी म्हणाले, मला हे जमणार नाही. तो ओरडला नाही. समोर खुर्ची ओढून बसला, इतक्या जवळ की आमचे गुडघे लागत होते. माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण सोडलं नाही.

"बाबांचं तू कधी कोणाला दाखवलंस का, आई?"

मी कोटावरचे ते दोन टाके बघत होते.

"सगळं तर तू शिवलंस. मीच सुई ओवून द्यायचो. आपलं घर टिकलं ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. कौतुक होतं. हे तुला कसं सांगू? माझ्या हाताकडे तो लहान असल्यापासून जसा बघायचा, तसाच बघत होता.

मला वाटत होतं त्याला माहीत नाही. त्याने विचारलं नाही म्हणून मी धरून चालले. सोमवार उजाडला की काही झालेलंच नसतं, एवढं तो माझ्याकडून शिकला. दुसऱ्या कोणी त्याला हे शिकवलेलं नाही.

मी म्हणाले, हात सोड, उद्या करते. त्याने सोडला.

आज सकाळी ते दोन पक्के टाके मी उसवले. दोऱ्याचे तुकडे एका पाकिटात ठेवले आहेत. बाकी मासा ११ नोव्हेंबरच्या पत्रात लिहिला तसाच आहे. त्या पत्रावर पोस्टाचा शिक्का आहे आणि ते त्याने स्वतः वाचून बंद केलेलं आहे. सांभाळून ठेव.

आता कपड्यांबद्दल. कुर्ता : उजवी बाही, काखेच्या शिलाईच्या शेजारी, पाच इंच, पुढून मागे ओढलेली. रफूत मी एकशे चाळीस धागे घातले आहेत, खात्री करायची असेल तर भिंगाखाली मोजता येतील. स्वेटर : मागचा गळा, वीण तीन ओळी तुटलेली, मागून ओढून. शर्ट : पहिली चार बटणं, कापडासकट, समोरून. यातलं काहीही मशीनने होत नाही. तेहतीस वर्षं मी हे शिकवलं आहे आणि कोणी विचारलं तर पुन्हा शिकवीन. त्याने आणलेल्या कागदावर सही केलेली नाही. कागद बरोबर आणते आहे.

पासपोर्ट त्याच्या बॅगेत आहे. त्याचं नंतर बघू. माझी सूटकेस मी घेतलेली नाही, ती घेऊन जिना उतरवत नाही. औषधं, चष्मा, दोन लुगडी, ते तीन कपडे आणि कोट एवढं एका पिशवीत बसलं. त्याच्यासाठी पोळ्या करून ठेवल्या आहेत. चिठ्ठी ठेवलेली नाही. लिहायला बसले होते, "चि. अवधूत" एवढं लिहून झालं.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तीन कपडे मी तुझ्या हातून काढून घेतले, ते परत येत नाहीत. तुझ्या घरी मला नेऊ नकोस, प्रतिमाकडे राहीन.

सोमवारचं प्रतिमाने समजावून सांगितलं. दारात पिशव्या तपासतात, कात्री, सुई काही आत नेऊ देत नाहीत. त्याने बिघडत नाही. कच्च्या टाक्याला कात्री लागत नाही. शेपटीकडे गाठ आहे. ती नखाने सोडायची आणि दोरा ओढायचा, एका ओढीत सगळा निघतो. ते मी सगळ्यांसमोर करीन. अवधूत समोर बसलेला असेल. मी त्याच्याकडे बघून करीन, की न बघता, ते अजून ठरवलेलं नाही.

मग मासा सुटा होईल. तो प्रीताला दे. तोंड कुठे करायचं ते तिचं तिला ठरवू दे.

प्रतिमाची गाडी आली.

सुमित्रा पुरुषोत्तम औंधकर
शिवण-शिक्षिका, निवृत्त